रीलची बैठक

२३ नोव्हेंबर, रविवार

हलके धान घरात आले आहे आणि भारी धानाच्या कापणीला मजूर मंगळवारशिवाय मिळणार नाहीत, म्हणून मध्ये सापडलेल्या या दोन दिवसांत बाबांची मासे धरण्याची छडी दुरुस्त करायला घेतली. दिवाळीपासून ती सपरीतल्या खुंटीवर तशीच टांगलेली होती आणि येता-जाता तिच्याकडे पाहताना मनाला बोचत होते. सात फुटांची, दोन तुकड्यांची ही फायबरग्लासची छडी बाबांनी १९९१ साली नागपूरच्या बर्डीवरून आणली. त्याआधी आमच्या घरी बांबूच्या काठीला तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, आणि गळ बांधून मासे धरत असत.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गावच्या तलावावर साधारण दोन किलोंचा रोहू लागला होता. त्याने पाण्यात मुसंडी मारताच रील, म्हणजे छडीवरचे तंगूस गुंडाळायचे चाक, माझ्या हातात एका बाजूला कलंडले. मासा कसाबसा पाळीवर घेतला, पण नंतर पाहिले तर रीलच्या बैठकीला आट्यांपासून मधल्या भागापर्यंत दोन बोटे लांब चीर गेलेली होती. ही बैठक म्हणजे छडीवर चढवलेली एक नळी असते. तिच्या एका टोकाला पक्की बसवलेली टोपी असते, दुसऱ्या टोकाला सरकणारी टोपी आणि तिला रेटणारी आट्यांची कडी असते, आणि या दोन टोप्यांच्या मध्ये रीलचा पाय अडकवतात. मासा ओढतो तेव्हा तंगुसाचा सगळा ताण रीलच्या त्या लहानशा पायावर येतो आणि पाय तरफेसारखा बैठकीला उचकटू पाहतो. नळी एकदा चिरली की कडी कितीही फिरवली तरी आटे पकड घेत नाहीत. चिरेवर दोरा गुंडाळून गोंद लावावा असेही मनात आले होते, पण आट्यांवर दोरा आला तर कडी फिरणार नाही आणि मधल्या भागावर आला तर रीलचा पाय सपाट बसणार नाही. तेव्हा बैठक बदलण्याखेरीज मार्ग उरला नाही.

जुनी बैठक काढायलाच सकाळचे तीन तास गेले. छडी मुठीकडे जाड आणि शेंड्याकडे बारीक होत जाते, त्यामुळे नवी नळी शेंड्याकडून सरकवत आणून मागची मूठ शाबूत ठेवावी, असे प्रथम वाटले. परंतु बैठकीच्या पुढे कॉर्कची मूठ आणि तिच्या पुढे तंगूस ओवायच्या, दोऱ्याने बांधलेल्या कड्या आहेत. त्यांपैकी एकही हलवायची माझी तयारी नव्हती. मागच्या मुठीचा कॉर्क मात्र पूर्वीच झिजून भुसभुशीत झालेला होता, तो चाकूने तुकड्यातुकड्याने काढून टाकला. मग उकळत्या पाण्यात बुडवलेले फडके जुन्या बैठकीभोवती पुन्हा पुन्हा गुंडाळून आतला गोंद मऊ केला आणि मूळच्या चिरेतूनच हॅक्सॉचे पाते हलक्या हाताने पुढे नेले. येथे घाई करून चालत नाही, कारण पाते आतल्या फायबरग्लासपर्यंत पोचले आणि तिथे ओरखडा पडला, तर पुढे कधीतरी नेमकी त्याच जागी छडी मोडते. नळीची जाडी संपत आल्यावर पाते बाजूला ठेवले आणि उरलेले काम स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने चीर फाकवून केले.

नळी उघडली तेव्हा आत जे दिसले ते पाहून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. नळीचे भोक छडीपेक्षा मोठे असते आणि मधली पोकळी काहीतरी गुंडाळून भरावी लागते. कारखान्यात ती कागदी पट्टीने भरलेली होती. इतक्या वर्षांच्या पाण्याने त्या कागदाचा तपकिरी, ओलसर चुरा झाला होता, बोटांत धरताच तो विरघळल्यासारखा झाला आणि गोंदाचा एक पातळ पापुद्रा तेवढा छडीला चिकटून राहिला होता. म्हणजे बैठक आतून केव्हाच सुटलेली होती. रील हलते म्हणून बाबा फडके धरून कडी आवळत, आणि गेली चार-पाच वर्षे मी तीच कडी पक्कड लावून आवळत आलो. बाबांच्या हाताने बैठक चिरली नव्हती. ती माझ्या पकडीने चिरली, हे आज कळले आणि फार वाईट वाटले.

साकोलीच्या लेथवाल्याकडे व्हर्निअरने मोजून आणले होते: त्या जागी छडीची जाडी १२ मिलिमीटर आणि मागवलेल्या नव्या बैठकीचे भोक १६ मिलिमीटर, म्हणजे चहूबाजूंनी २ मिलिमीटर पोकळी. कागद पुन्हा वापरायचा नाही हे ठरलेले होते. पीओपीची कामे करणारे सांध्यांवर लावतात ती फायबरची जाळीदार पट्टी घेतली. तिला पाणी लागले तरी ती कुजत नाही आणि गोंद जाळीतून आरपार जाऊन छडीपर्यंत पोचतो. छडी पॉलिश पेपरने खरबरीत केली, स्पिरिटने पुसली, आणि बोटभर रुंदीची तीन वळी एकमेकांपासून अंतर ठेवून गुंडाळली. नळी त्यांवरून किंचित घासत सरकेल इतकीच ती जाड ठेवली. मधल्या जागा गोंदाने भरायच्या असतात, तिथेच खरी पकड येते.

अ‍ॅराल्डाइटच्या दोन्ही नळ्यांतला गोंद समप्रमाणात घोटून घेतला. पाच-दहा मिनिटांत घट्ट होणारा प्रकार दुकानात होता, पण तो घेतला नाही, कारण बैठक चढवल्यावर ती सरळ आहे की नाही हे पाहायला वेळ हवा. गोंद ओला असतानाच रील कसून बसवले, छडीचे दोन्ही तुकडे जोडले आणि पुतण्याला शेंडा धरायला सांगितला. मी मुठीकडून एक डोळा मिटून रीलचा पाय आणि सगळ्या कड्या एका रेषेत येतात का ते पाहत होतो, तर तिकडून त्याचा आवाज आला, “काकाजी, अजून थोडासा डाव्या अंगाला घ्या जी.” त्याचे बरोबर होते. त्याची नजर बाबांवर गेली आहे. बाहेर आलेला गोंद स्पिरिटच्या चिंधीने लगेच पुसला आणि कडीच्या आट्यांत तो कुठे शिरला नाही ना, हे दोनदा पाहिले.

मागच्या मुठीच्या जागी सुती दोरी घट्ट गुंडाळून वर वॉर्निश द्यायचे आहे, पण ते गोंद पूर्ण वाळल्यावर. सध्या रात्री थंडी चांगलीच पडते आणि थंडीत हा गोंद सावकाश वाळतो, म्हणून उद्या दिवसभर छडी अंगणातल्या उन्हात ठेवीन आणि परवापर्यंत तिला ताण देणार नाही. उरलेला गोंद बाटलीच्या झाकणात ठेवून त्यात एक आगकाडी उभी केली आहे. आता रात्रीचे नऊ वाजले आहेत. मघाशी बोट लावून पाहिले, काडी अजून हलते.