दादर ते मलबार हिल: चढासाठी ई-सायकल निवडताना

मलबार हिल म्हणजे जेमतेम पन्नास मीटरची टेकडी. घाटात सायकली दामटणारे हसतील. पण रोज दादरहून वाळकेश्वरला नोकरीवर जायचं, नऊच्या आत पोचायचं, साडी-ड्रेस घामाने न भिजवता, त्यात गुडघा कुरकुरणारा, म्हटलं की तीच टेकडी मोठी वाटायला लागते. म्हणून ई-सायकल घ्यायचं ठरलं. दुकानदार ट्रायल देतात, पण गल्लीत एक फेरी मारायला. गल्लीत कुठलीही ई-सायकल छानच पळते. तेव्हा मी आणि धाकट्या भावाने दोन सायकली मिळवल्या आणि रविवारी सकाळी थेट चढावरच नेल्या. एक भाड्याची, मागच्या चाकात मोटर असलेली, म्हणजे हब मोटर. दुसरी त्याच्या मित्राची, पेडलपाशी मोटर असलेली, म्हणजे मिड-ड्राइव्ह. पहिली नवी घेतली तर तीस ते पन्नास हजारांत बसते, दुसरीला लाखाच्या वर मोजावे लागतात.

रस्ता सरळ आहे. दादर, प्रभादेवी, वरळी नाका, हाजी अली, मग पेडर रोड. शेजारी कोस्टल रोड कितीही खुणावत असला तरी तिकडे वळायचं नाही, सायकल आणि दुचाकींना तिथे बंदी आहे. हाजी अलीपर्यंत दोन्ही सायकलींत फरक शोधावा लागतो. पेडर रोडच्या चढावर तो कळायला लागतो आणि केम्प्स कॉर्नरहून हँगिंग गार्डनकडे चढताना लपत नाही.

आधी एक गोष्ट सांगते, जी दुकानात कोणी सांगितली नाही. बहुतेक सायकलींवर मोटर २५० वॉटचीच लिहिलेली असते, कारण आपल्याकडे २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या सायकलीला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. त्यामुळे वॉटचा आकडा बघून काही निवडता येत नाही. आकडा विचारायचा तो टॉर्कचा, म्हणजे चाक फिरवण्याच्या जोराचा, न्यूटन-मीटरमध्ये. हिशोब सोपा आहे. माझं वजन ६० किलो, सायकलीचं २२. आठ टक्क्यांचा चढ धरला, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर आठ मीटर वर, तर मागच्या चाकावर साधारण २५ न्यूटन-मीटर लागतात. भाऊ ९२ किलोचा, त्याला तेवढ्याच चढाला ३४. साध्या हब मोटरी ३० ते ४५ देतात. म्हणजे तीच सायकल मला अलगद वर नेते आणि त्याला धापा टाकायला लावते. हब मोटरवर तो वर आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. वर पोचल्यावर सायकली बदलल्या, तीनबत्तीकडून चौपाटीला उतरलो, बाबुलनाथवरून परत केम्प्स कॉर्नर गाठलं आणि तोच चढ पुन्हा घेतला. या खेपेला मिड-ड्राइव्हवर बसलेला तो मागे वळून ओरडला, "ताई, ही तर ढकलतेय गं मला!"

ढकलतेय कारण मिड-ड्राइव्हची ताकद साखळीतून, म्हणजे गिअरमधून जाते. गिअर उतरवला की चाक सावकाश फिरतं, पण मोटर आपल्या सोयीच्या वेगात राहते. हब मोटरला ही सोय नाही. चाक जितक्या वेगाने फिरेल तितक्याच वेगाने ती फिरणार. चढावर वेग ताशी आठ-नऊ किलोमीटरच्या खाली गेला की ती वीज खाते आणि बरीचशी नुसती तापण्यात घालवते. म्हणून हब मोटरवाल्यांनी चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर कमी करावा आणि वेग पडू देऊ नये. मागच्या फ्रीव्हीलचा, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरच्या चक्क्यांतला, सर्वांत मोठा चक्का किती दात्यांचा, हेही विचारून घ्या. २८ असेल तर पेडल मिनिटाला साठ फेऱ्यांनी फिरवत ठेवून ताशी सव्वाअकरा किलोमीटरच्या खाली जाता येत नाही (पुढचा चक्का ४२ धरून), ३४ असेल तर नवापर्यंत उतरता येतं. फ्रीव्हील बदलायला फार खर्च येत नाही आणि गुडघ्याला फरक लगेच जाणवतो.

बॅटरीची मात्र उगाच काळजी करतात सगळे. भावाच्या वजनाला ही अख्खी टेकडी चढायला नुकसान धरून वीसेक वॉट-अवर लागतात, म्हणजे सपाटीवरच्या दोन-तीन किलोमीटरइतकं. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६० वॉट-अवर. जाऊन येऊन आरामात पुरते. अडचण वेगळी आहे: बॅटरी उतरत आली की व्होल्टेज पडतं आणि नेमक्या चढावर जोर कमी मिळतो. त्यामुळे चढ परतीच्या वाटेवर असेल तर ऑफिसात चार्ज करायची सोय बघा, आणि बॅटरी सुटी निघणारीच घ्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग पॉइंट मिळवण्यासाठी कमिटीशी भांडण्यापेक्षा ती पिशवीत घालून वर नेणं सोपं.

सेन्सर हा भाग मात्र नीट तपासा. हँगिंग गार्डनच्या अलीकडे पर्यटकांची बस वळत होती, भर चढावर थांबावं लागलं. परत निघताना हब मोटरच्या सायकलीला पेडल फिरल्याचं कळेपर्यंत जवळजवळ एक फेरी गेली. तेवढ्या वेळात सायकल मागे सरकायला लागली आणि मी एक पाय टेकून उभी. हा केडन्स सेन्सर, पेडल फिरतंय की नाही एवढंच बघतो. मिड-ड्राइव्हमध्ये टॉर्क सेन्सर होता, पायाचा दाब पडल्याबरोबर मोटर हात देते. टॉर्क सेन्सर असलेल्या हब मोटरीही मिळतात, थोड्या महाग पडतात, पण चढावर राहणाऱ्याने तिथे पैसे वाचवू नयेत. केडन्स सेन्सरचीच घ्यायची तर अंगठ्याचा थ्रॉटल, म्हणजे पेडल न मारता मोटर चालवणारी कळ, हवाच. ट्रायलला एकच परीक्षा घ्या: चढावर थांबा, पाय टेका आणि निघून दाखवा.

तीनबत्तीचा उतार पावसाळ्यात चकचकीत होतो. २२ किलोची सायकल आणि वर आपण, त्यामुळे डिस्क ब्रेक दोन्ही चाकांना हवेत, हायड्रॉलिक असतील तर बोटं दुखत नाहीत. ब्रेक दाबला की मोटर बंद पडते का, तेही तिथेच बघून घ्या. आतच गिअर असलेल्या हब मोटरी उतारावर बॅटरी भरत नाहीत, विक्रेता काहीही म्हणो. पाणी आत शिरू न देण्याचं रेटिंग विचारा, आणि काही असलं तरी तुंबलेल्या पाण्यात मोटरचा आस बुडेपर्यंत सायकल नेऊ नका.

पंक्चरची एक गोष्ट. मागच्या चाकात मोटर आहे म्हटल्यावर बरेच पंक्चरवाले हात लावायला कचरतात. चाक न काढता टायर एका बाजूने उचलून ट्यूब ओढून काढा आणि तिथेच पॅच लावायला सांगा, नव्वद टक्के काम तिथेच होतं. चाक काढावंच लागलं तर १८ नंबरचा पाना लागतो, काही मोटरींना १९. तो सीटखाली ठेवा, कारण साध्या सायकलवाल्याच्या डब्यात तो असेलच असं नाही. मोटरची वायर ज्या जोडावर सुटते तो जोड घरीच एकदा उघडून बघून ठेवा.

मी टॉर्क सेन्सरवाली, ४० न्यूटन-मीटरची हब मोटर ठरवली आणि ३४ दात्यांचं फ्रीव्हील बसवून मागितलं. भावाने मिड-ड्राइव्हसाठी पैसे साठवायला घेतलेत. त्याला ठाण्याजवळच्या येऊरला जायचंय, वळणावळणाने बराच वेळ चढणारा रस्ता आहे तो, तिथे हब मोटर जास्त तापेल. येऊरला जाणाऱ्यांनी वनखात्याच्या नाक्यावरच्या वेळा आधी विचारून जावं, अंधार पडायच्या आत खाली उतरावं, बिबट्याचा परिसर आहे. मलबार हिलला मात्र रविवारी सकाळी सातच्या आत जा, आणि केम्प्स कॉर्नरला पुलावर न चढता खालच्या चौकात उतरून मग टेकडीचा रस्ता धरा. आठनंतर तिथे गाड्या इतक्या होतात की चढ घ्यायचा की हॉर्न ऐकायचे, कळत नाही.