मशीनवर बसून पाहिलेला टीव्ही

सोमवार, रात्री

लगीनसराई आणि शाळांची गॅदरिंगं एकदमच आली आहेत, त्यामुळे मशीन रात्री दहापर्यंत चालू असतं. टीव्ही समोरच्या भिंतीवर आहे, पण माझ्या वाट्याला तो बघायला कमी आणि ऐकायला जास्त येतो. बाही जोडताना नजर सुईवरून काढता येत नाही. तरीही संध्याकाळी सातपासूनच्या सगळ्या मालिका मला कळतात. दाराआडून कोण ऐकतंय, कुणाचं लग्न मोडायचं ठरलंय, कोण कुणाच्या मुलाला आपला म्हणतंय, काही सुटत नाही. कारण माणसं मनातलंसुद्धा मोठ्यानं बोलतात, आणि कुणाला धक्का बसला की तोच ढोल तीनदा वाजतो. मला याचं वाईट वाटतं. या मालिकांत काम करणाऱ्या कित्येक जणी रंगभूमीवर घासून पुसून तयार झालेल्या आहेत. त्यांना नुसत्या डोळ्यांनी सांगता येईल ते त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं, वर पार्श्वसंगीतानं पुन्हा सांगायचं, म्हणजे त्यांच्याकडून त्यांचं काम काढून घेण्यासारखंच आहे.

आज आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जेवणानंतर लसूण सोलत बसल्या होत्या. पडद्यावर एका बंगल्यात सकाळचा नाश्ता चालला होता, सहा-सात मोठी माणसं, सगळी नटलेली. आत्याबाईंनी मला विचारलं, “हे लोकं कामाला कवा जातेत गं?”

त्यांचा जन्म रानात गेला. खुरपणी, सोयाबीनची काढणी, तुरीच्या शेंगा, सगळं त्यांच्या हातून झालं. प्रश्न त्यांनी अगदी मनापासून विचारला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मालिकेत ‘कंपनी’ असते, पण कंपनीत काय तयार होतं ते कळत नाही. सह्या होतात. ‘डील’ मोडतं. नायिका मसाल्याचा धंदा काढते आणि एका रात्रीत हजार डब्यांची ऑर्डर पुरी करते, तरी तिच्या बोटांना हळद लागलेली दिसत नाही. आमचे हे मोंढ्यात आडतीवर मुनीम आहेत, सकाळी बाजार समितीत गेले की सौदे, वजनं, पट्ट्या यातून संध्याकाळपर्यंत मान वर होत नाही. असा माणूस मालिकेत कधी घरी आलेला मी पाहिला नाही. धुळीनं भरलेली चप्पल काढणारा, हातपाय धुऊन आधी पाणी मागणारा.

पाण्याचंच घ्या. त्या स्वयंपाकघरांत नळ कधी कोरडा नसतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी दहा वॅगनची होती, पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. आमच्या घरात त्या दिवसांत कोण आधी अंघोळ करणार, कुणाचे कपडे धुवायचे, पाहुण्याला पाण्याचा तांब्या भरून द्यायचा की अर्धा, यावरून जी भांडणं झाली, जी समजूत निघाली, त्यात एका मालिकेची वर्षभराची गोष्ट होती. सासू-सुनेचं खरं नातं त्या उन्हाळ्यात मला कळलं. तेव्हा टीव्हीवर मात्र कुणाच्या तरी मंगळसूत्राची चोरी चालली होती.

पूर्वी असं नव्हतं, हे मी आठवणींवर भाळून म्हणत नाही. सह्याद्रीवर ‘दामिनी’ लागायची तेव्हा मी माहेरी होते. दामिनी पत्रकार होती आणि बातमीच्या मागे खरोखर फिरायची. ती भूमिका करणाऱ्या प्रतीक्षा लोणकर आमच्याच औरंगाबादच्या नाट्यचळवळीतून पुढे गेलेल्या, याचा त्या वेळी घरात केवढा अभिमान होता. मग १९९९ मध्ये ‘आभाळमाया’ आली. त्यातली सुधा जोशी प्राध्यापक होती, घरात संसाराची पडझड होत असताना कॉलेजात जाऊन शिकवायची. तिचं दुःख मला पटायचं कारण तिला उद्याचा तास असायचा. ज्या बाईला उद्या सकाळी कामावर जायचं आहे तिचं रडणं वेगळं असतं.

मंगळवार

आज चार जणी ब्लाउज टाकून गेल्या. त्यातल्या दोघींनी मोबाइलमध्ये मालिकेतल्या नायिकेचा फोटो दाखवला, “अस्साच गळा पाहिजे.” गळा खरंच सुरेख होता, खणाच्या कापडाला बारीक पाइपिंग, मागं तिरपी पट्टी. कपडेपटाच्या लोकांना मी मनापासून मानते. ते कारागीर आहेत, शिवण दिसते. आणखी काही लिहायला डोळे उघडे राहत नाहीत.

गुरुवार

आज गुरुवार, मालिकांचे आकडे यायचा दिवस. बार्क नावाची संस्था देशभरातल्या हजारो निवडक घरांत यंत्रं बसवून कोण काय बघतं ते मोजते, आणि त्यावर ठरतं की पुढच्या आठवड्यात कुणाची स्मृती जाणार आणि कोण मेलेला परत येणार. रोज एक भाग द्यायचा म्हणजे लेखकाच्या हातात वेळ नाही. एकच बंगला, एकच दिवाणखाना, तिथंच सगळं चित्रीकरण उरकायचं. बाहेर नेलं की खर्च आणि ऊन दोन्ही वाढणार. ही अडचण मला समजते. माझ्याकडेही उद्याचा ब्लाउज आज मागतात. पण घाईतसुद्धा अस्तर उलटं लावून द्यायचं नसतं.

आणि बाहेर नेता येत नाही असंही नाही. ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याच्या गावात जाऊन केली, फौजी होऊ पाहणारा पोरगा, त्याची तयारी, गावातली माणसं, सगळं तिथलं. कोल्हापूरची तालीम ‘तुझ्यात जीव रंगला’त आली. कोकणातलं घर आणि मालवणी बोली ‘रात्रीस खेळ चाले’नं घराघरांत नेली. आमच्या आत्याबाई लातूरच्या बाहेर फारशा गेल्या नाहीत, तरी ‘अण्णा’ कसा बोलतो ते त्यांना पाठ आहे. मग मराठवाडा कुठे आहे? “करायलो”, “जायलो”, “काय करलालीस” असं बोलणारं सरळ, शहाणं, घर चालवणारं माणूस मुख्य भूमिकेत मला हवं आहे. आमची बोली आली तरी ती दोन मिनिटं हसवून जाणाऱ्या गड्याच्या तोंडी येते.

या बोलीत लोकांना धरून ठेवायची ताकद नाही असं कुणी म्हणणार असेल तर त्यानं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ आठवावं. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे १९७९ पासून ते एकटे करायचे. एकच नट, ५२ पात्रं, आणि देश-परदेशातली भरलेली नाट्यगृहं. बायका, म्हातारे, पोरं, विमानातली मंडळी, सगळी आमच्या वळणानं बोलणारी. यापेक्षा मोठा दाखला कोणता द्यायचा?

उद्या येळवस, म्हणजे वेळा अमावास्या. घरात भज्जीची तयारी चालली आहे, आंबील घातलंय, सासरे सकाळीच रानात कडब्याची कोप उभी करायला गेले. लातूर आणि धाराशिवकडे या अमावास्येला गावंच्या गावं रिकामी होतात, सगळे शेतात जेवायला. ओळख नसलेल्या वाटसरूलाही हाक मारून पंगतीला बसवतात. मालिकांत वटपौर्णिमा येते, मंगळागौर येते, संक्रांतीचे हलव्याचे दागिने येतात, करवा चौथसुद्धा आलेली मी पाहिली. येळवस नाही. एवढी हिरवी ज्वारी, हरभरा, करडई, भरलेलं रान, आणि एका जागी गोळा झालेलं अख्खं खानदान. भावकीतली भांडणं दाखवायला तरी याहून चांगला दिवस कुठे मिळणार?

शनिवार

नाचाच्या स्पर्धा लागल्या की मात्र मला मशीन थांबवावं लागतं. नाच ऐकून कळत नाही.

मला नाचाच्या स्पर्धा मालिकांपेक्षा जास्त आवडतात, आणि त्याचं कारणही आत्याबाईंच्याच प्रश्नात आहे. इथं माणूस काम करताना दिसतो. घाम खोटा नसतो. ‘बूगी वूगी’ १९९६ ला सुरू झालं तेव्हापासून मी बघते आहे. त्यात शाळकरी पोरं, आया, कारकून, कुणीही यायचं, नाचायचं आणि जायचं. कुणाच्या घरातली गरिबी विचारली जात नव्हती. २००९ नंतर ‘डान्स इंडिया डान्स’नं नाचाची पातळी फार वर नेली, हे मान्यच करायला हवं. कंटेम्पररी काय, पॉपिंग काय, आमच्या गल्लीतल्या पोरांना ही नावं त्यातून कळली, आणि लातुरात गल्लोगल्ली डान्स क्लास निघाले. पण हळूहळू नाचाआधी नाचणाऱ्याच्या वडिलांची गोष्ट दाखवायची रीत पडली. पत्र्याचं घर, आजारी आई, रडणारी बहीण. मग नाच दोन मिनिटांचा आणि रडणं पाच मिनिटांचं. ज्या मुलानं वर्षभर रियाज केला त्याला त्याच्या गरिबीचे गुण का द्यायचे? त्याच्या पायांचे द्या.

पायांवरूनच माझं सर्वांत मोठं भांडण आहे. ऐन अवघड पदन्यासाला कॅमेरा परीक्षकांच्या तोंडाकडे वळतो. परीक्षक तोंडाचा आ करतात, टाळी वाजवतात, आणि पुन्हा मंचावर येईपर्यंत ती जागा गेलेली असते. शिवण तपासायची तर कापड उलटं करून बघावं लागतं, तसे नाचात पाय बघावे लागतात. तेच कापून टाकलं तर प्रेक्षकानं काय बघून मत बनवायचं?

लावणीचं तर फारच होतं. नांदेडकडच्या माळेगावची खंडोबाची यात्रा आता भरली आहे. तिथं जिल्हा परिषद लावणी महोत्सव घेते, तो मी माहेरच्या माणसांबरोबर पाहिला आहे. फड रंगात आला की बाई एका ओळीवर थांबते. तीच ओळ पुन्हा म्हटली जाते आणि दर वेळी डोळ्यांतला अर्थ निराळा असतो. कधी रुसवा, कधी आर्जव, कधी सरळ आव्हान. वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी बैठकीच्या लावणीत आयुष्य घातलं, त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. ती लावणी बसून, नुसत्या अदाकारीवर उभी राहते. स्पर्धेत लावणीला दीड मिनिट मिळतं, त्यात गिरक्या, उड्या, धूर आणि शेवटी जमिनीवर पाय पसरून आपटणं. हे चापल्य आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण ज्या कलेचा जीव सावकाशीत आहे तिला पळवलं की उरतो तो फक्त नऊवारीचा काठ.

आज अशीच एक शिवलेली नऊवारी ट्रायलला घालून चौथीतली पोरगी माझ्यासमोर नाचली. गॅदरिंगसाठी क्लासमध्ये बसवलेली लावणी. ताल पक्का, कमरेत लय, पोर गुणी आहे. पण ओठ दाताखाली धरून जी नजर तिनं टाकली ती तिच्या वयाची नव्हती, आणि तिला तिचा अर्थही माहीत नव्हता. मोठ्या माणसांच्या सिनेमातल्या हालचाली लहान मुलांकडून करवून घेऊ नका असं केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना २०१९ मध्ये बजावलं होतं. गल्लीतल्या क्लासला कोण बजावणार? मी तिच्या आईला म्हटलं, “वहिनी, एवढी एक जागा सरांना बदलायला सांगा, बाकी पोरगी लई छान नाचते.” त्या थोड्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “मलाबी ते खटकत होतं काकू, पण बोलावं कसं?” सोमवारी क्लासला जाऊन सांगते म्हणाल्या.

रविवार

दुपारी वाचनालयात गेले. अभ्यासिका गच्च भरलेली. लातूर पॅटर्नचं शहर आहे हे, नीटची मुलं, एमपीएससीची मुलं, प्रत्येकाच्या पुढ्यात स्वतःचं गाइड, कानात बोळे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात मायाच आहे, माझीही लेक बारावीला आहे. पण त्या मुलांच्या पाठीमागं कादंबऱ्यांची कपाटं कुलपात होती. किल्ली ज्यांच्याकडे असते ते जेवायला गेले होते. वाचनालयांचे अ, ब, क, ड वर्ग १९६७ च्या कायद्याखालच्या नियमांनी ठरतात, त्यावर अनुदान मिळतं. कपाट दिवसाचे किती तास उघडं असतं यावरही वर्ग ठरवावेत असं मला वाटतं. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूत असताना आमच्या आजोबांच्या पिढीनं मराठी वाचनालयं चालवली, त्यांच्यावर पोलिसांची नजर असायची. त्यांनी ज्यासाठी एवढं सोसलं ते पुस्तक आता अभ्यासिकेच्या भाड्याच्या आड लपलं आहे.

लेकीला मी म्हणते, रोज दहा पानं वाच, नीटला उपयोग नाही म्हणून वाच. ती म्हणते, “मम्मी, मे महिन्यानंतर.” मे नंतर काऊन्सेलिंग येणार, मग कॉलेज. मी तिला पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

उदगीरला एप्रिल २०२२ मध्ये ९५ वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलवरून मी रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ घेतली होती. बोराडे काटगावचे, आमच्याच जिल्ह्यातले. २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेले. कादंबरी १९७१ ची, गावातल्या एका शिंप्याच्या घराची, आणि सांगते ती त्याची बायको, तिच्या स्वतःच्या बोलीत. शिलाईचा धंदा हातातून कसा निसटतो, त्यानं घर कसं उसवत जातं, ते ती सांगत राहते. मी शिंपीकाम करणारी बाई, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य माझ्या हाताला लागतं. या घरात काम आहे. गिऱ्हाईक आलं नाही तर संध्याकाळी काय होतं ते यात आहे. ज्या मालिकेची मी गुरुवारी मागणी केली ती एवढ्या वर्षांपूर्वीच लिहून झालेली आहे.

आज नऊ वाजता टीव्ही बंद केला आणि आत्याबाईंना त्यातली पहिली काही पानं मोठ्यानं वाचून दाखवली. त्या पहिल्याच पानावर म्हणाल्या, “ही आपल्यावाणीच बोलायली की!” मग मधेमधे थांबवत राहिल्या. ह्या बाईला पोरं किती, हिचं माहेर कुठलं, गावात दुसरा शिंपी आला तर ह्यानं बाजारच्या गावाला मशीन का नेलं नाही. सोमवारी बंगल्यातल्या लोकांना त्यांनी जे विचारलं होतं, त्याला इथं उत्तरं मिळत होती, म्हणून त्यांचे प्रश्न वाढतच गेले. लेकही वही मिटून पाच-दहा मिनिटं दारात उभी राहिली, मग आत गेली. साडेनऊला मी पुस्तक मिटलं, कारण उद्याच्या दोन ब्लाउजांना हूक लावायचे राहिले होते. आत्याबाईंना एवढंच जाणून घ्यायचं होतं की त्याचं मशीन शेवटी विकलं का राहिलं. तिथवर आम्ही अजून पोचलो नाही.