दोन फुल, तीन हाफ

भाताची मळणी उरकून पोती घरात पडली आणि संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला, की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाला शाळेच्या गॅदरिंगचे वेध लागायचे. प्राथमिक शाळा आणि हायस्कूल मिळून एकच गॅदरिंग, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. त्या दिवसांत मलप्रभा नदीकडून असा गारठा यायचा की म्हाताऱ्या बायका वाकळ घेऊनच मैदानात बसायला यायच्या. वर्गातली बाकं जोडून, वर फळ्या टाकून स्टेज व्हायचं. जमखाने घराघरांतून गोळा व्हायचे, त्यामुळे कुणाचा जमखाना पुढं अंथरलाय यावरही गावात बोलणं व्हायचं.

बेळगावहून आलेल्या पाहुण्यांचं भाषण, अहवालवाचन आणि बक्षीस समारंभ हे सगळं लोक शांतपणे ऐकून घ्यायचे. मग कोळीगीत, लेझीम, सातवीच्या मुलींचं एक कन्नड गाणं. पण गाव थांबलेलं असायचं ते साडेनऊच्या तिसऱ्या घंटेसाठी. त्या घंटेनंतर नाटक, आणि नाटक दरवर्षी तेच.

आमच्या मराठीच्या सरांनी ते शाळेसाठीच लिहिलं होतं. आई-वडील गमावलेली तीन भावंडं, थोरला, मधली आणि धाकटा, बालकाश्रमात राहतात. त्यांना दत्तक घ्यायला एकामागून एक जोडपी येतात. कुणाला धाकटा हवा, कुणाला थोरला, मधली तर कुणालाच नको. तिघांचं आपसात ठरलेलं: घेतील तर तिघांना, नाहीतर कुणालाच नाही. मग आलेल्या प्रत्येक जोडप्याला ही पोरं अशी काही हैराण करतात की ती पायताण हातात घेऊन पळतात. एवढंच कथानक. पण ज्या माणसांनी ते वीस वेळा पाहिलेलं असायचं, तीच माणसं सगळ्यात आधी हसायची.

सरांनी घातलेला शिरस्ता फार सुंदर होता. धाकट्याचं काम पाचवीतल्या मुलाला, मधली सातवीतली, थोरला दहावीतला. ज्यानं धाकट्याचं काम केलं त्याचा पुढं थोरल्यावर पहिला हक्क. थोरला शाळा सोडून गेला की दोन-चार वर्षांनी माजी विद्यार्थी म्हणून तो मुलं बघायला येणाऱ्या बापाच्या भूमिकेत परतायचा. मी मधली केली, आणि लग्नाआधीच्या वर्षी शेवटच्या प्रवेशातली आईही. आमच्या गावात आजही एखाद्याची ओळख सांगताना म्हणतात, ‘तो नव्हे का, पुलाच्या वर्षीचा धाकटा!’ म्हणजे ज्या वर्षी पूल झाला त्या वर्षी धाकट्याचं काम केलेला.

पहिलं जोडपं बेळगावातल्या शहापूरच्या बड्या व्यापाऱ्याचं. त्यांना धाकटा हवा असतो आणि लाच म्हणून ते कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या खास मिठाईचा, पुडा घेऊन येतात. हा पुडा खरा असायचा, त्यात सरांनी कधी तडजोड केली नाही. तिघं भावंडं पुडा फस्त करेपर्यंत एक अक्षर बोलत नाहीत. नुसतं खाणं, आणि पाठीमागं पेटीवर सावकाश वाजणारी एक धून. मैदानातली बारकी पोरं त्या कुंद्याकडं बघून गप्प व्हायची. शेवटचा घास गिळून धाकटा विचारायचा, ‘काका, तुमच्या घरात रात्री कोण जागं असतं? कारण मी रात्री उठून चालतो. चालताना हातात काय येईल ते विहिरीत टाकतो.’ व्यापारी म्हणायचा, ‘आमच्याकडं विहीर नाही.’ त्यावर मधली म्हणायची, ‘मग शेजाऱ्यांची!’ हे माझं पहिलं वाक्य. त्यावर आलेला हशा मी अजून विसरलेले नाही.

दुसरा जमीनदार. त्याला थोरला हवा असतो, कारण त्याचा जुना गडी पळून गेलाय. तो थोरल्याचे दंड दाबून बघतो, दात बघतो, चालवून बघतो. इथं लोक हसायचे, पण वेगळं हसायचे. आमच्या भागात बैलाचा व्यवहार सगळ्यांनी पाहिलेला. थोरला मग मागचा पाय लंगडा असल्यासारखा चालायला लागतो, आणि मधली गिऱ्हाईकाला समजवावं तसं सांगते, ‘पावसाळ्यात बसतो हा. उठतच नाही.’

तिसरं जोडपं मात्र नाटकाचा जीव होतं. ते बैलहोंगलकडचं कन्नड जोडपं. मुलांना कन्नड येत नसेल अशा समजुतीनं नवरा-बायको त्यांच्या देखत मोकळेपणानं बोलतात. बाई म्हणते, ‘सण्णांव साक. दोड्डांव ब्याड.’ बारका पुरे, मोठा नको. सीमेवरच्या गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडं बाजार कन्नडात होतो, भांडण मराठीत होतं आणि कधी कधी उलटं. त्यामुळं बाई बोलली की सगळं मैदान हसायला लागायचं, आणि भावंडं मात्र मख्ख. बाईंना वाटायचं, लोक आपल्याला हसतायत. त्या अजून मोठ्यानं, अजून सविस्तर बोलायच्या. मधलीला स्वयंपाक येत असेल का, थोरला किती खाईल, सगळा हिशेब. सगळं ऐकून घेतल्यावर धाकटा उठायचा, हात जोडायचा आणि खणखणीत सांगायचा, ‘नाव मूरू मंदी बर्तीवि, इल्लांद्र इल्ला!’ आलो तर तिघं येऊ, नाहीतर नाही.

त्या कन्नड बाईचं काम आमच्या शाळेच्या कन्नडच्या बाईच करायच्या. त्या मूळच्या बैलहोंगलच्याच. नोकरीवर आल्या तेव्हा त्यांना मराठी जेमतेम यायची, आणि नाटकाच्या तालमींत बसून बसून त्या आमच्यासारखी मराठी बोलायला लागल्या, ‘की’ लावून. ‘बस की गं. जेव की थोडं.’ मुलांवर त्यांची विलक्षण माया. ज्याचं घर लांब त्याला त्या आपल्या डब्यातली भाकरी देऊन मगच घरी सोडायच्या.

एका वर्षी धाकट्याचं वाक्य ऐकून बाईंचा धीर सुटला. वाक्याप्रमाणं त्यांनी रागानं उठून जायचं होतं. त्या उठल्या, पण दोन पावलं पुढं आल्या, त्याला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, ‘बारो, मगा.’ ये रे, बाळा. हे लिहिलेलं नव्हतं. धाकटा पाचवीतला, बाई त्याच्या लाडक्या. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, ‘बर्तीनि.’ येतो.

नाटक तिथंच संपलं असतं! विंगेत शेवटचं जोडपं उभं होतं: एस.टी. कंडक्टर आणि त्याची बायको. कंडक्टरनं प्रॉम्प्टर सरांकडं बघितलं, सरांनी वहीकडं बघितलं, आणि कंडक्टर तिकिटाची पेटी सावरत सरळ स्टेजवर घुसला. ‘ओ बाई, ती पोरं माझी आहेत! माझा प्रवेश अजून व्हायचाय!’ मग जो गोंधळ झाला तो मला अजून वाक्य न् वाक्य आठवतो. बाई कन्नडात, कंडक्टर मराठीत, मध्ये तीन भावंडं. अखेर थोरल्यानं तोडगा काढला, ‘सण वाटून घेऊ. दिवाळी कंडक्टरकाकांकडं.’ बाई म्हणाल्या, ‘मग उगादी आमच्याकडं.’ कंडक्टर म्हणाला, ‘ठीक. आणि गुढीपाडवा आमच्याकडं.’ दोघांनी हातावर हात मारले. मधली कपाळाला हात लावून म्हणाली, ‘अहो, दोन्ही एकाच दिवशी असतात की!’

मैदान उठून उभं राहिलं. पुढच्या ओळीत आमच्या गावची ती मंडळी होती जी दरवर्षी 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीला बेळगावात जायची, सीमाप्रश्नासाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या होत्या. त्यांनीही बाईंसाठी टाळ्या वाजवल्या, मनापासून. त्यांच्यातल्याच एका आजोबांनी स्टेजवर चढून बाईंच्या हातात अकरा रुपये ठेवले. पुढच्या वर्षी सरांनी तो सगळा गोंधळ वहीत उतरवून घेतला, आणि वर एक ओळ घातली: ‘सकाळी तिकडं बेवु-बेल्ल, दुपारी इकडं श्रीखंड.’ (बेवु-बेल्ल म्हणजे उगादीचा कडुनिंब-गूळ.) तेव्हापासून नाटक दोन्ही जोडप्यांवर संपतं.

बक्षिसांची पद्धत सांगायला हवी. काम आवडलं की प्रेक्षकांतून कुणीतरी नोट पाठवायचं आणि माईकवर पुकारा व्हायचा, ‘धाकट्याच्या कामावर खूष होऊन अमुक यांच्याकडून पाच रुपये!’ नाटक तेवढ्यापुरतं थांबायचं. नोट टाचणीनं शर्टाला लावायची आणि मग पुढचं वाक्य. शेवटच्या प्रवेशापर्यंत धाकट्याचा शर्ट नोटांनी भरलेला असायचा, आणि अशा शर्टात तो ‘आमचं या जगात कुणी नाही’ म्हणायचा, तरी बायका डोळ्यांना पदर लावायच्या. एका वर्षी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक आजी शाळेत आली. कमरेला डबा बांधलेला. तिनं शिपाईमामांना विचारलं, ‘ती कालची तीन पोरं कुठं हायत? काय खाल्लं का त्यांनी?’ तिघांनाही घरं होती, आई-वडील होते. पण सरांनी तिघांना बोलावून व्हरांड्यात बसवलं आणि तिच्यासमोर डबा संपवायला लावला. मला वाटतं, सरांनी आम्हाला शिकवलेल्या गोष्टींत ही सगळ्यात मोठी.

सर इतिहासही शिकवायचे, त्यामुळं नाटकात कित्तूर आल्याशिवाय राहिलं नाही. आमच्या भागात ‘दत्तक’ म्हटलं की कित्तूर आठवतंच. राणी चन्नम्मानं शिवलिंगप्पाला दत्तक घेतलं, धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे यानं तो दत्तक मान्य करायला नकार दिला, आणि 23 ऑक्टोबर 1824 च्या लढाईत तो कित्तूरच्या किल्ल्यासमोर मारला गेला. पुढं त्याच दत्तक वारसासाठी लढत राहिलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 मध्ये फाशी दिली ती आमच्याच तालुक्यात, नंदगडला. तिथल्या समाधीजवळचा वड आम्ही सहलीत पाहिलेला असायचा. तर नाटकात आश्रमाचा व्यवस्थापक शेवटी अडवतो, ‘साहेबांची मंजुरी आल्याशिवाय मी मुलं देणार नाही.’ धाकटा छाती पुढं काढून म्हणतो, ‘साहेबांना म्हणावं, कित्तूरचा दत्तक नामंजूर केला त्या साहेबाचं काय झालं ते एकदा वाचून बघा!’ या वाक्याला मराठी आणि कन्नड टाळ्या एकदमच पडायच्या.

सर निवृत्त झाल्यावर माजी विद्यार्थ्यांनी वहीची नवी प्रत केली. आमच्यातला एक बेळगावच्या कोर्टात वकिली करतो. त्यानं हट्ट धरला की कायदा बरोबर असला पाहिजे. जुन्या वहीत होम, ओटीत घालणं आणि 1956 चा हिंदू दत्तक कायदा होता. नव्या वहीत 2015 चा बाल न्याय कायदा आला, ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, पोर्टलवरची नोंदणी आली, घर बघायला येणारी समाजसेविका आली. दत्तकाचा आदेश पूर्वी न्यायालय द्यायचं, 2021 च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडं गेला, हेही त्यानं घातलं. मला आधी भीती वाटली की एवढ्या कागदांत नाटक कोरडं होईल. पण झालं उलटंच. समाजसेविका कंडक्टरचं घर तपासायला येते तो प्रवेश आता तिसऱ्या जोडप्याच्या तोडीचा झालाय, कारण तिच्या आधी भावंडांनीच घर तपासायला घेतलेलं असतं. धाकटा कणगीत डोकावतो, मधली डबे उघडून वास घेते, थोरला कंडक्टरला विचारतो, ‘रागावलात तर किती वेळ रागावता?’ कायद्यानंही मुलाचं वय आणि समज बघून त्याची इच्छा विचारात घ्यायची असते, हे वकीलमित्रानं तालमीत समजावून सांगितलं तेव्हा पोरांना कोण आनंद झाला!

नव्या प्रतीतला सगळ्यात मोठा हशा मात्र कुणी लिहून आणलेला नव्हता. समाजसेविका वाचते, ‘दत्तक पालक आणि मूल यांच्या वयात किमान 25 वर्षांचं अंतर हवं.’ त्या वर्षी शिरस्ता मोडून कंडक्टर दहावीतला आणि थोरलाही दहावीतलाच, वर्गात एकाच बाकावरचे. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि मागून कुणीतरी ओरडलं, ‘दोघं मिळून बत्तीस वर्षांचे हायत की!’ पडदा ओढणाऱ्या मामांना हसू आवरेना, दोरी हातातून सुटली आणि पडदा अर्ध्यावर येऊन लटकला.

शेवट आता सगळ्या गावाला पाठ आहे. कंडक्टर पोरांना घेऊन बसस्टँडवर येतो. पेटी उघडतो, स्वतःचीच तिकिटं स्वतः फाडतो आणि म्हणतो, ‘खानापूर! दोन फुल...’ आणि मैदान एका सुरात ओरडतं, ‘...तीन हाफ!’ थोरला उंच असला तर लोक तिथंच अडवतात, ‘त्याचं फुल काढा, फुल!’ मग थोरला गुडघे वाकवून हाफ तिकिटाएवढा होतो. पाच जणांची ती बस बाकांचीच असते, पण शेवटच्या बाकावर कन्नड बाई आधीच येऊन बसलेल्या असतात, मांडीवर श्रीखंडाचा डबा घेऊन.

एका वर्षी एकत्र काम केलेली तिघं पुढं खरोखर भावंडांसारखी वागतात. माझ्या धाकट्याला आणि थोरल्याला मी दरवर्षी राखी पाठवते. धाकटा बेंगळुरूला असतो, थोरला गावातच भात पिकवतो. थोरल्याच्या मुलीच्या लग्नात मला ‘आत्या’ म्हणून मानाची साडी मिळाली. नात्यातल्या बायकांनी विचारलं, ही कुठली आत्या? थोरला म्हणाला, ‘नाटकातली.’ आणि तेवढं उत्तर गावातल्या सगळ्यांना पुरलं.

संक्रांत झाली, सोमवारपासून तालमी. यंदा धाकट्याच्या कामासाठी पाचवीतली एक मुलगी हटून बसली आहे. तिला सगळं नाटक पाठ आहे, कन्नड वाक्यांसकट. काही जण म्हणतात, धाकटा मुलगाच हवा, वहीत तसं लिहिलंय. माझं मत मी फोनवर कळवलंय: काम तिलाच द्या, ‘धाकटी’ करा, नाटकाचं काही बिघडत नाही. फक्त यंदाचा थोरला सहा फुटांचा आहे म्हणे, त्याच्या तिकिटाचं काय करायचं ते तेवढं तालमीत ठरवा.