चार ठिकाणी अनरिमार्केबल

आठ वर्षं झाली, मी सोनोग्राफी सेंटरला रिपोर्ट टाइप करतेय. सर प्रोब फिरवत पुटपुटतात, मी पडद्याअलीकडे बसून उतरवून घेते. लोकांना वाटतं प्रत्येकाचा रिपोर्ट नव्याने लिहितात, तसं काही नसतं हो, नॉर्मल पोटाचा रिपोर्ट कॉम्प्युटरवर तयारच असतो, मी नाव, वय, लिव्हरचे सेंटिमीटर, किडन्यांची मापं बदलते आणि जिथे काही सापडलं तेवढीच ओळ खोडून नवीन घालते. (गरोदर बाई असेल तर वर गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचा तो एफ फॉर्म, त्याचं टेन्शन रिपोर्टपेक्षा जास्त.)

तर पुरुषांच्या त्या तयार रिपोर्टमधे ‘अनरिमार्केबल’ चार ठिकाणी येतो. पित्ताशय, स्प्लीन, किडन्या, प्रोस्टेट. हजारो वेळा छापलाय मी हा शब्द आणि खरं सांगू, वाचला एकदाही नव्हता.

मागच्या महिन्यात एक काका पोट दुखतं म्हणून आलेले. शुक्रवारी संध्याकाळी रिपोर्ट दिला, त्यांना पाठवणारे डॉक्टर नेमके सोमवारपर्यंत गावाला. दवाखान्याला कुलूप लावताना दारावर एक चिठ्ठी तरी लावावी माणसाने, पण असो. सोमवारी सकाळी मी शटर उघडायला गेले तर काका, मुलगा आणि नात पायरीवर बसलेले. काकांनी दोन दिवस धड जेवलेलं दिसत नव्हतं. मुलाने रिपोर्ट उघडला, चारही ठिकाणी निळ्या पेनाने गोल.

‘मॅडम, सरांनी चार ठिकाणी रिमार्क द्यायचं टाळलंय. केस हाताबाहेर गेलीय का?’

मला आधी कळेचना. मग उलगडलं. काका सरकारी ऑफिसात शिपाई होते, रिमार्क म्हणजे साहेबाचा शेरा, आणि ज्या फायलीवर साहेब शेराच मारत नाही ती फाईल मेली. अकरावीतल्या नातीने वेगळ्या वाटेने काढलं, रिमार्केबल म्हणजे उल्लेखनीय, म्हणजे आजोबांची किडनी उल्लेख करण्याच्याही लायकीची राहिली नाही. दोघं पोचले एकाच जागी. मुंबईला टाटाला न्यायचं ठरलं होतं आणि त्यासाठी रविवारी व्यापारी म्हैस बघून इसारही देऊन गेला होता.

सर आल्यावर म्हणाले, ‘अहो काका, मुद्दाम टिपून ठेवावं असं काही दिसलं नाही, एवढाच अर्थ. चांगलंय सगळं.’

काका म्हणाले, ‘मग चांगलंय लिहायला शाई जास्त लागते का?’

सर हसले. मला नाही हसू आलं.

दुपारी मी सरांना म्हटलं, सरळ नॉर्मल टाकूया का. ते म्हणाले, नॉर्मल लिहिलं की किडनी काम नीट करतेय याची हमी दिल्यासारखं होतं, मला मशीनवर आकार दिसतो, पोत दिसतो, किडनीचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन दिसत नाही. जेवढं दिसलं त्यात वावगं नाही, बस. हे पटलं मला. पण पुढे म्हणाले, रिपोर्ट पेशंटसाठी नसतोच, डॉक्टरांसाठी असतो. हे नाही पटलं. पैसे पेशंट भरतो, पाकीट मी त्याच्याच हातात देते, आणि घरी नेऊन तो ते उघडणार नाही असं धरून चालायचं?

यात खरी गंमत वेगळीच. त्या रिपोर्टमधे लक्ष द्यावं अशी एकच ओळ होती, फॅटी लिव्हर ग्रेड वन, म्हणजे लिव्हरमधे थोडी चरबी. तिला गोल नव्हता. मुलगा म्हणाला, ‘लिव्हर तेवढं धष्टपुष्ट आहे ना?’

सरांनी समजावलं, तेल-गोड कमी करा, रोज चाला. काकांनी मान डोलावली पण लक्ष इसार परत कधी करायचा यातच होतं.

तयार रिपोर्ट अजून तोच आहे. आता मात्र मी एकेक ओळ संशयाने वाचते. परवा लिव्हरच्याच ओळीत सापडलं, ‘नो फोकल लिजन अ‍ॅप्रिशिएटेड’, म्हणजे कुठे गाठबिठ दिसली नाही. नातीच्या डिक्शनरीत अ‍ॅप्रिशिएट म्हणजे कौतुक करणं असणार. अजून कोणी विचारायला आलेलं नाही.