बुंद: घरच्या बोलीतली संपाची पेटी

आपल्याकडे कामगार चळवळ म्हटलं की अमळनेरची प्रताप मिल नाहीतर धुळ्याची मिल आठवते. भोंगा, गेट आणि गेटसभा. झारच्या रशियातल्या विल्नाच्या, म्हणजे लिथुआनियातल्या आजच्या विल्नियसच्या, ज्यू कामगारांना असं गेटच नव्हतं. 'बुंद' ही त्यांचीच पुढे उभी राहिलेली संघटना. यंत्रांचे मोठे कारखाने त्यांना सहसा घेत नसत. शिंपी, चांभार, ब्रश बांधणारे, सगळे छोट्या दुकानांत. मालक धरून चार-पाच जण, आणि मालकही जवळपास तेवढाच फाटका.

शिकलेल्या तरुणांनी आधी अभ्यासमंडळं काढली. रशियन भाषा, विज्ञान, अर्थशास्त्र. झालं भलतंच: शिकलेला कामगार दुकान सोडून परीक्षांच्या मागे लागला. मग १८९३-९४ च्या सुमारास त्यांच्यातल्याच अर्कादी क्रेमरने पुस्तिका लिहिली, त्याचा समाजवादी साथी मार्तोव्ह याने ती तपासली. सांगणं साधं: पगार आणि कामाचे तास धरा, तेही यिद्दिशमध्ये, म्हणजे तिथल्या ज्यूंच्या घरच्या बोलीत. यातल्या बऱ्याच पुढाऱ्यांना यिद्दिश धड येत नव्हती, ती शिकावी लागली. शिरपूरकडच्या मजुरांपुढे पुस्तकी मराठी झाडली तर माना डोलतात. अहिराणीत 'कथा चालना?' (कुठे चाललास?) विचारलं की तोंडं उघडतात. तसंच ते.

लढ्याची हत्यारं दोन. पहिलं, रशियाच्या राणी कॅथरिनच्या १७८५ च्या जुन्या कायद्यातलं कलम: कारागिराचा दिवस बारा तासांचा, त्यातच जेवणाखाण्याचे दोन तास. दुसरं, 'कासा', म्हणजे संपाची पेटी. भिशीसारखीच थोडी थोडी वर्गणी, फक्त नंबर कुणाचा लागत नाही. पैसा संपकऱ्यांच्या चुलीसाठी. संप सणाच्या तोंडावर, कपड्यांची ऑर्डर अंगावर असताना. मालक नमायचा. पण सीझन सरला की वाढलेली मजुरी परत कापायचा, आणि सगळं पहिल्यापासून. पाच माणसांच्या दुकानात विजय टिकवणं महाकठीण, हे या चळवळीचं खरं दुखणं.

ऑक्टोबर १८९७ मध्ये विल्नात १३ प्रतिनिधी गुपचूप जमले आणि 'बुंद' स्थापन झाला. बुंद म्हणजे थेंब नव्हे, संघ. मार्च १८९८ मध्ये मिन्स्कला रशियन सोशल डेमोक्रॅटिक पक्ष निघाला, तिथल्या नऊ प्रतिनिधींपैकी तीन बुंदचे. त्याच जुलैत क्रेमरसह पुढारी धरले गेले, बोब्रुइस्क गावातला बुंदचा छापखानाही गेला. पण पेट्या दुकानादुकानांत होत्या, म्हणून संघटना उभी राहिली.

१९०३ मध्ये याच रशियन पक्षाच्या अधिवेशनात बुंदने मागितलं: ज्यू कामगारांचे प्रतिनिधी आम्हीच. नकार मिळाला, बुंदचे पाचही प्रतिनिधी उठून गेले. आणखी दोघे बाहेर पडले आणि लेनिनच्या गटाला बहुमत आलं. 'बोल्शेविक', म्हणजे बहुमतवाले, हे नाव त्यातूनच चिकटलं. बुंद १९०६ मध्ये पक्षात परतला.