जुलैत वाचलेलं: दर्यावर्दी नवरे, महागडी जादू आणि आमचा थिबा

जुलै म्हणजे आमच्याकडे रत्नागिरीत वाचायचाच महिना. बाहेर पडायची सोय नाही, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मिरकरवाड्याला होड्या ताडपत्री पांघरून बसलेल्या, खाडीतलं काही मिळालंच तर भाव ऐकून पिशवी रिकामीच घरी आणायची. लाईट दिवसातून किती वेळा जाते ते मोजणं सोडून दिलंय. कसर लागू नये म्हणून पुस्तकांच्या कपाटात डांबरगोळ्या टाकल्यात त्यामुळे या महिन्यातल्या सगळ्या प्रेमकथांना डांबरगोळीचा वास आहे, त्याला इलाज नाही.

यावेळी फक्त रोमान्स आणि फँटसी वाचायची असं ठरवलं होतं. जूनमध्ये फार गंभीर वाचन झालं होतं आणि डोकं जड झालं होतं. गंमत म्हणजे जी तीन पुस्तकं मनापासून आवडली त्या तिन्हींत समुद्र निघाला, मी काही शोधून निवडली नव्हती हां.

आधी जेन ऑस्टेनचं ‘पर्स्वेजन’. बाई १८१७ च्या जुलैमध्ये गेली आणि हे पुस्तक त्याच वर्षाच्या शेवटी, तिच्या माघारी छापून आलं. तिचे दोन भाऊ नौदलात होते, दोघंही पुढे ॲडमिरल झाले, त्यामुळे बोटीवरच्या लोकांबद्दल ती लिहिते ते ऐकीव वाटत नाही. गोष्ट साधी आहे. ॲन एकोणीस वर्षांची असताना एका नौदलातल्या तरुणाच्या प्रेमात पडते, पण त्याच्याकडे पैसा नाही, घराणं नाही, म्हणून आईच्या जागी असलेली एक बाई तिला समजावते की नको बाई या फंदात पडू, आणि ती ऐकते. आता ती सत्तावीसची आहे, घरात तिला कोणी विचारत नाही, बापाने उधळपट्टी करून घर भाड्याने द्यायची वेळ आणलीय आणि भाडेकरू कोण येतात तर त्याच तरुणाची बहीण आणि तिचा ॲडमिरल नवरा. मग तोही येणारच. आता तो कॅप्टन वेंटवर्थ, लढाईत शत्रूची जहाजं पकडून पंचवीस हजार पौंड कमावून आलेला, आणि हिच्यावर अजून रुसलेला.

मला यात आवडलं काय तर अडचण खरी आहे. हल्लीच्या बऱ्याच रोमान्समध्ये दोघांची ताटातूट होते कारण तिने त्याला कुठल्यातरी मुलीबरोबर कॉफी पिताना बघितलं आणि ती मुलगी त्याची बहीण असते. एक फोन केला असता तर पुस्तक साठाव्या पानावर संपलं असतं! इथे तसं नाही. इथे वर्षं गेलीत ती खरंच गेलीत, ॲनचा चेहरा उतरलाय, त्याच्या मनात राग घट्ट बसलाय, आणि दोघं एकाच खोलीत बसून एकमेकांशी धड बोलू शकत नाहीत.

आणि ते पत्र. ते कसं लिहिलं जातं ते बघा. खोलीत माणसं आहेत, वेंटवर्थ टेबलाशी बसून कुठलंतरी कामाचं पत्र लिहितोय, ॲन खिडकीशी उभी राहून त्याच्या मित्राशी वाद घालतेय की जास्त काळ प्रेम कोण करतं, पुरुष की बायका. मधेच त्याच्या हातातून पेन पडतं, म्हणजे हा ऐकतोय. मग तो घाईने निघून जातो, आणि मिनिटभरात परत येतो, हातमोजे विसरलो म्हणून, आणि कागदांच्या खालून एक पत्र काढून तिच्यासमोर ठेवतो आणि पुन्हा जातो. तिच्याशी एक शब्द बोलत नाही. मी तो भाग लाईट गेल्यावर मोबाईलच्या टॉर्चमध्ये वाचला आणि लगेच परत पहिल्यापासून वाचला.

हे सगळं मी आत्येला सांगत होते. आमचे काका पूर्वी मर्चंट नेव्हीत होते, कोकणात दर चार घरांमागे कोणीतरी बोटीवर असतंच, तेव्हा मला वाटलं तिला पत्राचा भाग आवडेल. तिला आवडली मिसेस क्रॉफ्ट! ती ॲडमिरलची बायको, जी नवऱ्याबरोबर बोटीवर राहिलीय, अटलांटिक चार वेळा ओलांडलाय, एकदा आपल्या बाजूला ईस्ट इंडीजलाही येऊन गेलीय, आणि जी म्हणते की बोटीवर मला कधी काही झालं नाही, त्रास झाला तो फक्त एका हिवाळ्यात, नवरा उत्तरेच्या समुद्रात आणि मी एकटी किनाऱ्यावर, तेव्हा नाही नाही ती दुखणी झाली. आत्ये हातातली आमसुलं निवडायची थांबली. म्हणाली, “बरोबर बोलत्ये हो ती. तुझे काका पर्शियन गल्फात असायचे ना तेव्हा माझं डोकं उठायचं रोज संध्याकाळी. डॉक्टरनी सगळ्या टेस्ट केल्या, निघालं काय तर काही नाही.” मग जरा वेळाने, “आणि त्या दुसरीला सांग, आठ वर्षं काय थांबायचं? आपणच पत्र टाकायचं.” आता हे १८१४ मधल्या ॲनला कसं सांगणार, पण मुद्दा रास्त आहे.

मग किंडलवर एक रोमान्स वाचला, नाव घेत नाही, लेखिका नवी आहे, उगाच कशाला. हिरो अब्जाधीश, हिरॉईन बेकरीवाली, खोटं खोटं लग्न. सुरुवात झकास, संवाद चुरचुरीत, पण शंभर पानांनंतर कळतं की हिरोकडे इतका पैसा आहे की कुठलीच अडचण अडचण राहत नाही. बेकरीवर जप्ती येते, तो चेक फाडतो. तिच्या भावाला ऑपरेशन लागतं, परत चेक. मी झोपले.

यावरूनच माझ्या डोक्यात या महिन्यात एक गोष्ट पक्की झाली, की प्रेम असो वा जादू, पुस्तकात काही फुकट मिळालं की माझा विश्वास उडतो. आपल्याकडे नवस बोलला की तो फेडावा लागतो, देवीला सांगून ठेवायचं आणि मग विसरायचं असं चालत नाही, आणि चांगल्या फँटसीतली जादूसुद्धा मला तशीच लागते.

म्हणून ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. उर्सुला ले गुइन, १९६८. इतकी वर्षं हे पुस्तक माझ्या हाती कसं लागलं नाही कोण जाणे. जग म्हणजे सगळी बेटंच बेटं, जमिनीपेक्षा पाणी जास्त, आणि माणसं होड्यांतून फिरतात. नायक गेड, डोंगराळ बेटावरचा शेळ्या राखणारा पोरगा, रंगाने तांबूस सावळा, आणि त्याचा सगळ्यात जवळचा मित्र चक्क काळा. १९६८ मध्ये हे लिहिलंय लक्षात घ्या, जेव्हा अशा पुस्तकांतले नायक बहुतेक सगळे गोरेच.

इथे जादू येते ती वस्तूंची खरी नावं माहीत असल्यामुळे, आणि जादूगारांच्या शाळेत पहिल्यापासून बजावलेलं असतं की उगाच काही करू नका, इथे पाऊस पाडलात तर तिकडे दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडेल. वाऱ्यावर ताबा असलेले जादूगारसुद्धा वारा जपून वापरतात. आमच्याकडे जुलैत वाऱ्याचं काय होतं ते बघणाऱ्या माणसाला हे फार पटतं. आणि गेड काय करतो, तर ऐन पोरवयात एका आगाऊ पोराशी पैज लावून, फुशारकी मारायला म्हणून मेलेल्या राणीचा आत्मा बोलावतो. त्या फटीतून एक सावली बाहेर येते आणि याचा चेहरा फाडते, आणि ती फट बुजवता बुजवता शाळेचा सगळ्यात मोठा, म्हातारा जादूगार जिवानिशी जातो. म्हणजे पोराच्या मस्तीचं बिल कोणी भरलं? पुढचं सगळं पुस्तक त्या बिलाचंच आहे.

पण मला सगळ्यात भिडला तो मधला भाग, ज्याच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. शिकून झाल्यावर गेडला नोकरी कुठे मिळते, तर एका फडतूस कोळीवाड्यात. मोठी बेटं, राजवाडे काही नाही, गावच्या होड्यांवर मंत्र घालायचे आणि जवळच्या बेटावर ड्रॅगन आहेत त्यांच्यापासून गाव सांभाळायचं. तिथला एक होडी बांधणारा त्याचा दोस्त होतो, हा त्याला मंत्र देतो, तो याला होडी बांधायला आणि हाकायला शिकवतो. मग त्या दोस्ताचं लहान पोर तापाने जायला लागतं. वाचवता येणार नाही हे गेडला कळत असतं, पण बाप समोर उभा आहे. तो त्या पोराच्या मागे मरणाच्या उतारावरून नको तितका खाली जातो. पोर जातंच, हा जेमतेम परत येतो, तेही त्याचं पाळलेलं एक इवलंसं जनावर त्याला चाटत बसतं म्हणून. नंतर ड्रॅगनसमोर त्याला सौदा मिळतो, की ज्या सावलीने तुझा पिच्छा पुरवलाय तिचं नाव सांगतो. गेडला दोनातलं एकच मागता येतं, स्वतःची सुटका नाहीतर गावाची. तो गाव मागतो. आणि हे सगळं ले गुइनबाई अशा थंडपणे सांगतात की वाचताना आधी लक्षातच येत नाही केवढं मोठं काही झालं.

अजून एक जागा सांगते आणि थांबते. एका बेटावर गेड एका म्हाताऱ्याकडून जुनी होडी घेतो आणि बदल्यात त्याचा मोतीबिंदू बरा करतो. म्हातारा म्हणतो होडीच्या नाळेवर दोन्ही बाजूंना डोळे रंगव, म्हणजे माझे आभार त्या लाकडातून तुझ्यासाठी बघत राहतील. बास. दोन ओळींचा म्हातारा, परत येत नाही.

खोट एकच, बायका. जवळजवळ नाहीतच, आणि ज्या आहेत त्यातल्या निम्म्या चेटकिणी. पुढच्या भागांत बाईंनी हे सुधारलं म्हणतात, बघू.

(मराठीत फँटसी नाही म्हणून रडणाऱ्यांसाठी जाता जाता: आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत अशा कितीतरी आहेत. ‘मुक्तामाला’ १८६१, ‘मंजुघोषा’ १८६८, नुसत्या राजकन्या, विरह, अद्भुत प्रसंग, आणि प्रेम आणि अद्भुत एकत्रच. नंतर आपण शहाणे झालो आणि ते सगळं ‘मनोरंजन’ म्हणून बाजूला टाकलं. आमचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, म्हणजे या दोन्हींपेक्षा जुनं, तिथल्या मराठी कपाटासमोर उभं राहिलं की याचं फार वाईट वाटतं.)

शेवटचं ‘द ग्लास पॅलेस’, अमिताव घोष, २०००. हे दुसऱ्यांदा वाचलं. याला कोणी रोमान्स म्हणत नाही पण आहे रोमान्सच: १८८५ मध्ये मंडालेचा राजवाडा लुटला जात असताना राजकुमार नावाचा अकरा वर्षांचा अनाथ पोरगा राणीची छोटी दासी डॉली हिला बघतो आणि पुढे वीसेक वर्षांनी, सागवानात पैसा करून, तिला शोधत येतो कुठे, तर आमच्या रत्नागिरीत! कारण इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला कैद करून इथे आणून ठेवलेलं. पुस्तकातला राजा दुर्बीण घेऊन समुद्रातली जहाजं बघत बसतो. आज आपण तिकीट काढून जो थिबा पॅलेस बघतो तो १९१० चा, त्याआधी ही मंडळी बरीच वर्षं बंगल्यांत दिवस काढत होती, आणि वाड्यात गेल्यावर राजा पुढे जेमतेम सहा वर्षं जगला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी राजकुमारवर फिदा होते, यावेळी नाही. वीस वर्षं हिला मनात धरली वगैरे ठीक आहे, पण त्याला ती माहीतच कुठे आहे? वीस वर्षं डॉली कोणाची वाट बघत नव्हती, ती कैदेत होती, राजकन्यांच्या वेण्या घालत होती. आणि घोषांना हे कळतं, म्हणून ती सुरुवातीला नाही म्हणते, आणि त्या नकाराचा भाग सगळ्यात चांगला उतरलाय. इथे मला ॲन आणि वेंटवर्थ आठवले, त्यांनी एकमेकांना खरंच गमावलं होतं.

खरी प्रेमकथा तर थोरल्या राजकन्येची. ती राजाकडच्याच सावंत नावाच्या नोकराच्या प्रेमात पडली, मूल झालं, आणि हे कादंबरीतच नाही, इतिहासात घडलंय, याच गावात. ब्रह्मदेशची राजकन्या आणि कोकणातला सावंत! घोष तिच्यावरून भराभरा पुढे जातात कारण त्यांना मलायाचे रबराचे मळे आणि दुसरं महायुद्ध गाठायचंय. मला ते मळे नकोत, मला ती राजकन्या हवी, तिला पहिल्यांदा मालवणी मसाल्याचा ठसका कसा लागला असेल तिथपासून. कोणीतरी मराठीत लिहा राव, पाचशे पानांची लिहा, प्रीऑर्डर करते.

ऑगस्टसाठी अर्थसीचा दुसरा भाग ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’ मागवायचाय, त्यात म्हणे मुख्य पात्र मुलगीच आहे, पण या पावसात कुरिअर कधी पोचेल सांगता येत नाही आणि पोचलं तरी भिजलेलं पोचेल. रत्नागिरीत कोणाकडे असेल तर कळवा, पंधरा दिवसांत परत देईन, पानं दुमडत नाही. ‘पर्स्वेजन’ मात्र सध्या मागू नका, ते आत्येने नेलंय आणि ती रोज दोन पानं वाचून मला फोन करून भांडते.