सेमाडोहच्या गेटवर अडकलेलं आधार कार्ड

परतवाड्याला पेट्रोल भरलं, चाकांत हवा पाहिली, भाऊजींनी ठेल्यावरून किलोभर पेरू घेतले. आधार कार्ड मात्र अमरावतीला, त्यांच्या दुसऱ्या पँटच्या खिशात! हे उमगलं थेट मेळघाटच्या जंगलात, सेमाडोहच्या गेटवर.

सफारीचं बुकिंग मी आठवडाभर आधी मोबाइलवरच केलं होतं. पावती मेलमध्ये. पण घटांगच्या घाटात शिरलो तशी रेंज गुल. खिडकीतला माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, नावं जुळली पायजेत. आमाले बी वर दाखवा लागते." त्याचं काही चुकत नव्हतं. समोरच्या टपरीवाल्याने उपाय सांगितला: बाकावर उभं राहा, दोन कांड्या येतात. मग काय, मी बाकावर, हात वर, आणि तिकडे ताई घरभर पँट शोधतेय. कार्डाचा फोटो यायला पाऊण तास गेला. त्यांनी तो चालवून घेतला, पण प्रत्येक वेळी चालेलच याचा भरवसा धरू नका. पावतीची प्रिंट काढा, सगळ्यांची कार्डं आदल्या रात्रीच एका पिशवीत टाका.

गाइड इथल्या कोरकू आदिवासींतला पोरगा. कोरकूत सागाला सिपना म्हणतात आणि नदीलाही तेच नाव, हे त्यानेच सांगितलं. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, त्यामुळे भाऊजी वाघाशिवाय बोलेनात. पोराने जिप्सी थांबवली ती एका वारुळापाशी. एका बाजूने खणलेलं, आतली माती अजून ओली, कडेला लांब नखांचे चार ओरखडे. "अस्वल. सकायचंच हाये." मला तेवढ्यावर पैसे वसूल वाटले. वाघ काही दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याहून गाविलगड. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने डोंगरातून तोफा ओढत आणून उत्तरेकडून हा किल्ला फोडला होता. बाहेरचा तट तोफांनी फोडला, आतला शिड्या लावून चढावा लागला. कमरेएवढ्या वाळक्या गवतातून त्या तटाकडे जाताना आमचीच दमछाक झाली, नि आमच्याकडे तर फक्त पाण्याच्या बाटल्या होत्या.

भाऊजींनी ताईला सांगून आधार कार्ड सकाळच्या एसटीने मागवून घेतलं होतं. दिवसभर ते शर्टाच्या खिशात, वर रुमाल. किल्ल्यावरच्या चौकीदाराने फक्त गाडीचा नंबर लिहून घेतला.